उभ्या दगडाला दुपार, आडव्याला सकाळ

फोटो काढायचा तर पहाटे निघा, कोवळे ऊन गाठा, असे कोणीही सांगतो. लग्नाला, शेताला, किल्ल्याच्या बुरुजाला हा सल्ला ठीक आहे. जुन्या कबरी, समाध्या, वीरगळ यांच्यावरची झिजलेली अक्षरे टिपायची असतील तर मात्र निम्म्या वेळा तो अंगाशी येतो. मारुतीच्या देवळापुढे पूर्वेला तोंड करून उभा असलेला एखादा वीरगळ सकाळी सातला पाहा. ऊन समोरून थेट अंगावर, दगड सोन्यासारखा, आणि घोडा कुठे, स्वार कुठे, काही उमगत नाही. तोच दगड सव्वाअकराला पाहा. ऊन वरून घसरत येते, घोड्याच्या पोटाखाली सावली धरते, ढालीची कड उठून दिसते, आणि पट्टीवर लेख असेल तर त्याच्या ओळी मोजता येतात.

झिजलेले अक्षर आपल्याला दिसते ते त्याच्या सावलीमुळे. उठाव केसभरच उरला असेल तर सावली पडण्यासाठी ऊन दगडाला घासून जायला हवे. पृष्ठभागाशी पंधरा-वीस अंशांचा कोन उत्तम, तीसपर्यंत भागते, त्यापुढे अक्षरे बुजू लागतात. म्हणून घरून निघण्याआधी ठरवायचे ते एवढेच, की दगड उभा आहे की आडवा, आणि उभा असेल तर त्याचे तोंड कुणीकडे आहे.

वेळेचा हिशेब उदगीर धरून सांगतो. उदगीर साधारण ७७ अंश रेखांशावर आहे आणि आपली घड्याळे चालतात ८२.५ अंशांच्या वेळेवर. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या ठोक्याला नव्हे, सव्वाबारा ते साडेबाराच्या सुमाराला. ऋतूप्रमाणे पाव तास इकडेतिकडे. त्याच्या एक तास आधी पूर्वमुखी उभ्या दगडावर ऊन पंधराएक अंशांनी घासते आणि बाराही महिने हा हिशेब फारसा बदलत नाही. पश्चिममुखी दगडाला हाच मुहूर्त माध्यान्हानंतर तासाभराने, म्हणजे सव्वा-दीड वाजता. दक्षिणमुखी दगडाची गोष्ट वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरात भर दुपारी ऊन त्याच्या डोक्यावरून खाली घासत येते. डिसेंबरात मात्र दुपारचे ऊन खाली उतरलेले असते, तेव्हा त्याच्यासाठी सूर्योदयानंतरची आणि सूर्यास्तापूर्वीची थोडी मिनिटेच कामाची. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी उदगीरच्या उत्तरेकडे असतो, आणि दक्षिणेचे तोंड दुपारी सावलीत जाते. उत्तरमुखी दगडाला थोडेफार ऊन मिळते ते मुख्यतः याच दिवसांत, सकाळी आणि संध्याकाळी. एरवी त्याला आरसा लागतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

आडवा दगड, म्हणजे जमिनीलगतची शिळा किंवा कबरीवरची सपाट तख्ती, हा त्या कोवळ्या उन्हाचा खरा मानकरी. उगवल्यानंतरचा पहिला तास, मावळण्याआधीचा शेवटचा. एप्रिलच्या दुपारी उदगीरच्या उन्हात कबरस्तानात उभे राहायचे म्हणजे डोक्याला पंचा आणि हाताशी पाणी हवेच. पण दक्षिणमुखी लेख हवा असेल तर दुसरा इलाज नाही.

आपल्या भागातल्या मुस्लिम कबरींची दिशा ठरलेली असते, त्यामुळे आखणी सोपी जाते. उदगीरहून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून आहे. दफन करताना चेहरा किब्ल्याकडे वळवतात, म्हणून कबर उत्तर-दक्षिण लांब आणि डोके उत्तरेला. उशाशी उभा केलेला लेखाचा दगड, ज्याला लोक कतबा म्हणतात, तो बहुधा दक्षिणेकडे तोंड करून असतो, कारण वाचणारा पायथ्याशी उभा राहतो. कबरीच्या चौथऱ्यावरचा घडीव दगड म्हणजे तावीज. त्याच्या लांब बाजूंवर लेख असेल तर एक बाजू पूर्वमुखी, एक पश्चिममुखी. म्हणजे एकाच कबरीसाठी अकराला, साडेबाराला आणि दीडला असे तीनदा यावे लागते. मधल्या वेळात झाडाखाली बसून शिदोरी सोडावी, मुजावराशी बोलावे. फोटोंपेक्षा जास्त माहिती बहुधा याच वेळात मिळते.

दख्खनमधल्या जुन्या कबरींवर आणखी एक खूण पाहून ठेवा. तावीजाच्या माथ्यावर लांबट, गोलसर उंचवटा असेल तर कबर पुरुषाची. त्याला कलमदान म्हणतात. माथा पाटीसारखा सपाट असेल तर स्त्रीची; ती तख्ती. नाव पुसले गेले तरी एवढे कळते. म्हणून वरून आणि बाजूने असे दोन्ही फोटो घ्यायचे. नुसत्या समोरच्या फोटोत ही खूण हमखास निसटते.

आता लेखाकडे. फारसी आणि अरबी लेख बहुतेक उठावाचे, म्हणजे भोवतालचा दगड खोदून अक्षर वर ठेवलेले. देवनागरी आणि कन्नड लेख बहुतेक आत कोरलेले. फोटोत उठाव आणि खोल यांची फसगत होते. ऊन कुठून आले हे माहीत नसेल तर डोळा खड्ड्याला उंचवटा समजतो. उपाय म्हणजे एकाच मजकुराचे दोन फोटो, एक डावीकडून उजेड असताना आणि एक उजवीकडून. सालासाठी तर हे टाळूच नका. फारसी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका. पाच म्हणजे छोटे वर्तुळ. सात आणि आठ एकमेकांचे उलटे. काळ्या पाषाणाला मुळातच बारीक खळगे असतात, आणि शून्याचा झिजलेला ठिपका त्यांच्यातलाच एक होऊन बसतो. उजेड एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून टाकलात की खऱ्या ठिपक्याची सावली त्याच्या बाहेर पडते, खळग्याची आत. एवढ्यावरून शतक बदलू शकते.

साल मिळाले की हिशेब करून वहीत लिहा, पण मूळ आकडाही तसाच लिहून ठेवा. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन एखाद्या वर्षाच्या फरकाने येतो. निजामी काळातल्या फसलीत ५९० मिळवायचे, शकात ७८. कधी आकडा नसतोच. शेवटच्या ओळीतल्या अक्षरांच्या किमतींची बेरीज म्हणजे साल, अशी फारसी कवितेची रीत आहे. म्हणून फारसी येत नसले तरी शेवटची ओळ सर्वांत काळजीने टिपा, नुक्त्यांसकट. एक नुक्ता गेला की अक्षर बदलते, आणि अक्षराबरोबर बेरीजही.

हा हिशेब उदगीरात फार कामाचा आहे, कारण इथे प्रत्येक जुन्या दगडाला लढाई चिकटलेली असते. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला उदगीरच्या मोहिमेत नमवले; पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. त्यामुळे कुठल्याही पडक्या कबरीकडे बोट दाखवून ‘हा त्या लढाईतला सरदार’ असे सांगणारे भेटतात. ऐकून घ्या, वहीत ‘लोक असे म्हणतात’ म्हणून लिहा, फोटोखाली मात्र तसे छापू नका. ती लढाई हिजरी ११७३ मधली. दगडावर हे साल स्वच्छ वाचता आले तर बोलायला जागा आहे, आणि तरीसुद्धा त्या साली माणसे तापानेही मरतच होती.

उदगीरच्या पंचक्रोशीत एकाच दिवशी किती तऱ्हा भेटतात! किल्ल्यात अरबी-फारसी शिलालेख आहेत, आणि ज्यांच्यावरून गावाला नाव पडले असे मानतात त्या उदागीरबाबांची समाधीही तिथेच. लिंगायत समाज मोठा; त्यांच्यात दहन नाही, दफन आहे, मृताला बसवून, हाती इष्टलिंग देऊन. त्यामुळे मठांतून आणि रुद्रभूमीत समाध्या असतात, त्यांवर कुठे शिवलिंग, कुठे नंदी, कुठे मराठी आणि कुठे कन्नड अक्षर. वेशीपाशी, मारुतीच्या पारावर, बारवेच्या भिंतीत वीरगळ असतात. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गुरे सोडवतानाचे मरण, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. पूर्ण दगडाच्या एका फोटोनंतर प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो घ्या. तळाची चौकट निम्मी मातीत गेलेली असते. ती उकरू नका, दिसते तेवढीच घ्या आणि किती गेली असावी ते वहीत लिहा.

उकरू नका हे मी उगाच म्हणत नाही. आमच्याकडे जुन्या दगडाभोवती संध्याकाळी बॅटरी घेऊन फिरणारा अनोळखी माणूस म्हणजे गुप्तधनवाला, हे समीकरण पक्के आहे, आणि ते अगदीच बिनबुडाचे नाही. गुप्तधनाच्या नादाने समाध्या फोडल्याच्या बातम्या येतात. तेव्हा अमावास्येला जाऊ नका, अंधार पडल्यावर जाऊ नका, आणि गावात शिरल्यावर पहिली भेट सरपंच किंवा पोलीस पाटलांची घ्या. कबरस्तानात मुतवल्ली किंवा कमिटीतल्या कोणाला विचारा, दर्ग्यात मुजावराला, मठात स्वामींना किंवा व्यवस्था पाहणाऱ्याला. ‘दादा, फोटो काढू का’ एवढ्यावर थांबू नका. कशासाठी, कुठे ठेवणार, तेही सांगा, आणि आधी काढलेले एक-दोन फोटो मोबाइलवर दाखवा. गावातला एखादा शाळकरी मुलगा मदतीला घेतलात तर पट्टी धरायला हात मिळतो आणि लोकांची शंकाही निम्मी फिटते.

रीतीभाती अवघड नाहीत. चपला काढायच्या जागी काढा, कबरीवर पाय देऊ नका, तिच्यावर बॅग ठेवू नका, टेकून उभे राहू नका. मयत आलेली असेल तर कॅमेरा पिशवीत घालून बाजूला व्हा. शबे-बरातच्या रात्री लोक आपल्या माणसांसाठी दुवा मागायला येतात, ती वेळ तुमची नव्हे. नव्या कबरी, लेकरांच्या कबरी, ज्यांचे घरचे लोक अजून दर आठवड्याला येतात अशा समाध्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय टिपू नयेत. उलट, कोणी स्वतःहून म्हणाले की आमच्या आजोबांचा दगड काढा, तर तो सर्वांत आधी काढा. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेकडे गेलेल्या घराण्यांना इकडच्या कबरीचा एक स्वच्छ फोटो केवढा मोलाचा वाटतो, हे त्यांच्याशी बोलल्यावर कळते.

दगडावर काहीही लावायचे नाही. खडू नाही, पीठ नाही, हळद नाही, तेल तर नाहीच. खडू भरला की अक्षर उठते हे खरे, पण त्याची पूड बारीक भेगांत बसते, आणि ज्याला अक्षर नीट वाचता येत नाही तो खडूने चुकीचे अक्षरही गिरवतो. मग पुढचे सगळे फोटो त्या चुकीचे. दगडफूल नखाने किंवा तारेच्या ब्रशने खरवडले तर त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्रा निघतो. मऊ कुंचल्याने धूळ आणि वाळली पाने झटकली, एवढी सफाई पुरे. शेंदूर हा तर श्रद्धेचा भाग. वीरगळाचा म्हसोबा झाला असेल तर तो आज म्हसोबाच आहे. शेंदराच्या थरांखालूनही तिरप्या उजेडात आकृती कळते. ऑइल पेंटने रंगवलेल्या कबरीही तशाच घ्या. कागद भिजवून, कुंचल्याने ठोकून, शाईने ठसा घेण्याची पुरातत्त्वज्ञांची जुनी पद्धत आहे, ती त्यांच्यासाठी आणि परवानगीने. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास केंद्रीय कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आरशाचे तंत्र मात्र शिकून घ्याच. भिंतीवरचा साधा आरसा, फूट-दीड फुटाचा, पाठीला पुठ्ठा लावलेला. दगड सावलीत असेल तर मदतनिसाने चार-पाच मीटरवर, दगडाच्या रेषेत बाजूला, उन्हात उभे राहायचे आणि आरशाने ऊन दगडावर तिरपे सोडायचे. आरसा पुढेमागे होताना अक्षरे उठतात आणि मिटतात. जिथे सर्वांत ठळक, तिथे हात स्थिर. दगडावर आधीच समोरून ऊन असेल तर दुसऱ्याने काळी छत्री धरून सावली करायची आणि मग आरसा. रस्ता जवळ असेल तर झोत मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत जाणार नाही एवढे बघा. ढगाळ दिवशी आरशाचा उपयोग नाही, तेव्हा बॅटरीचा झोत बाजूने टाका. त्यासाठीही दगडावर सावली हवी.

यंत्रसामग्रीवर मी फार वेळ घालवणार नाही. आजचा बरा मोबाइल पुरतो. त्याच्या काही खोडी मात्र माहीत हव्यात. काळा दगड समोर आला की मोबाइल त्याला उजळ करायला जातो आणि सावल्या मारून टाकतो, म्हणून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. चुना लावलेल्या कबरीला उलट, थोडी वर. एचडीआर बंद ठेवा. दगडाला चिकटून रुंद भिंगाने काढण्यापेक्षा दोन पावले मागे सरून दुप्पट झूम लावा, म्हणजे कडा वाकत नाहीत. मोबाइल दगडाला समांतर धरा. आणि ‘फोटो सुधारणारी’ ॲप्स लेखाच्या जवळ येऊ देऊ नका. झिजलेल्या जागी ती आपल्या मनाने रेघा भरतात. दिसायला अक्षर सुरेख, पण ते दगडावर नसतेच. मूळ फोटो न बदलता वेगळा ठेवायचा, काय खेळायचे ते प्रतीवर.

घ्यायचे फोटो असे: आधी परिसर, ज्यात जवळचे झाड किंवा देऊळ दिसेल, मग चारही बाजू, मग लेख पूर्ण, मग लेख तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक तुकड्यात मागच्या तुकड्याचा तिसरा हिस्सा पुन्हा येईल असा. लेखाचा एक फोटो कंपासपेटीतली पट्टी शेजारी धरून आणि एक पट्टीशिवाय. पट्टी दगडाला टेकवायची, चिकटवायची नाही. वहीत गाव, जागा, तोंडाची दिशा, उंची-रुंदी, वेळ, आणि सोबत कोण होते ते. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावरून घ्या, पण लोखंडी जाळीपासून लांब उभे राहून.

हंगाम विचाराल तर नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात गवत कमरेएवढे आणि गवतात घोणस. किल्ल्याच्या आणि घुमटांच्या कमानींना आग्या मोहोळ असते. अत्तर लावून, धूर करून त्यांच्याखाली जाण्याचे धाडस नको.

हात बसला की बिदर करा. उदगीरहून तासा-दीड तासाची वाट, आणि अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरींची रांगच आहे. अहमदशाह वली बहमनी १४३६ मध्ये वारला; त्याच्या घुमटात आतून रंगकाम आणि सोनेरी अक्षरे आहेत, उजेड मात्र नावाला. फ्लॅश वर्ज्य, भिंतीला टेकणेही वर्ज्य. इथे एक युक्ती चालते. रुमाल पसरून मोबाइल जमिनीवर उताणा ठेवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. हात न हलता घुमटाचा बरोबर मध्य मिळतो. ट्रायपॉडला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, रुमालाला लागत नाही. हुमायूनशाहच्या कबरीचा घुमट निम्मा कोसळलेला आहे, त्यामुळे बहमनी घुमटाची जाडी आणि आतली घडण कापून दाखवावी तशी उघडी पडली आहे. तिचे फोटो बाजूच्या उन्हात घ्या. बरीदशाहीत अली बरीदची कबर चारही बाजूंनी उघडी, आत भरपूर उजेड. ड्रोन घरीच ठेवा, बिदरला हवाई दलाचा तळ आहे.

बिदर पाहण्याला आणखी एक कारण आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यात होते, म्हणून इथल्या लेखांचा जुना छापील उल्लेख शोधायचा तर लातूर किंवा उस्मानाबादच्या नावाखाली शोधून उपयोग नाही. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांचे बिदरवरचे मोठे पुस्तक १९४७ मध्ये निघाले. त्यातली छायाचित्रे आणि आजचा दगड शेजारी ठेवून पाहिले की मधल्या काळात काय झिजले आणि काय रंगवले गेले ते कळते. जमले तर जुन्या फोटोच्या जागेवरच उभे राहून, त्याच चौकटीत नवा फोटो घ्या.

वाचता न आलेला फारसी-अरबी लेख अंदाजाने लावत बसू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे. संस्कृत आणि द्राविडी भाषांतल्या लेखांचे काम म्हैसूरला चालते. पाठवताना पट्टीचा एक, डावीकडच्या उजेडाचा एक, उजवीकडच्या उजेडाचा एक, असे तीन फोटो आणि जागेचे टिपण पुरे. चाळीस फोटो पाठवले तर कोणी उघडत नाही. फाइलच्या नावात गाव, जागा, दगडाचा क्रमांक आणि तारीख असू द्या. एक प्रत स्वतःपाशी, दुसरी दुसऱ्या डिस्कवर. तिसरी छापून मुतवल्लींना, मठाला किंवा ग्रामपंचायतीला द्या, मागच्या बाजूला दगडाचा क्रमांक आणि वाचलेला मजकूर पेन्सिलीने लिहून. वाचन पुढे बदलले तर खोडून नवे लिहिता येते.